ओस पडलेल्या मॉलचे छायाचित्रण: मुंबईतील उंबरठ्याच्या जागा कशा टिपाव्यात

पूर्व उपनगरातील एका मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर मी पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेले, तेव्हा तिथल्या ४६ गाळ्यांपैकी केवळ ३ गाळ्यांची शटरे वर होती. एका गाळ्यात साडीला फॉल-बिडिंग करून देणाऱ्या बाई शिलाई मशीनवर वाकून बसल्या होत्या, दुसऱ्यात झेरॉक्सचे दुकान होते आणि तिसऱ्यात स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीचे कार्यालय होते. मधला सरकता जिना बंद होता. त्याच्या पायऱ्यांच्या खाचांमध्ये धुळीच्या बारीक रेघा बसल्या होत्या, आणि सर्वांत वरच्या पायरीशी, जिथे जिन्याचे लोखंडी दात लादीखाली शिरतात तिथे, एका बिलाचा तुकडा अडकला होता. त्यावरची शाई पूर्ण उडून गेली होती. वर कुठेतरी एक ट्यूबलाइट चालू होती, आणि मशीनचा खडखडाट थांबला की तिची गुणगुण ऐकू येत होती.

त्या दिवशी मी काढलेले जवळपास सर्व फोटो वाया गेले. ते का वाया गेले आणि त्यानंतरच्या फेऱ्यांमध्ये मी काय शिकले, ते या लेखात क्रमाने मांडले आहे. या प्रकारचे छायाचित्रण करू पाहणाऱ्याला जागा शोधण्यापासून फोटो जपून ठेवण्यापर्यंत ते उपयोगी पडावे, ही इच्छा आहे.

अशा जागा मनाला का धरून ठेवतात

कॅमेऱ्याला हात लावण्यापूर्वी हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण आपण नेमके काय टिपायला आलो आहोत हे ठाऊक नसेल, तर हाती फक्त धूळ आणि जळमटांचे फोटो येतात.

अशा जागांना इंग्रजीत ‘लिमिनल’ म्हणतात. हा शब्द लॅटिनमधील ‘लिमेन’ या शब्दापासून आला, आणि त्याचा अर्थ उंबरठा. मानववंशशास्त्रज्ञ आर्नोल्ड फान गेनेप यांनी १९०९ मध्ये जन्म, विवाह, मृत्यू अशा प्रसंगींच्या विधींचा अभ्यास करताना या विधींमधल्या मधल्या टप्प्यासाठी तो वापरला: माणूस जुन्या अवस्थेतून बाहेर पडलेला असतो आणि नव्या अवस्थेत अजून पोहोचलेला नसतो. पुढे व्हिक्टर टर्नर यांनी ही कल्पना विस्ताराने मांडली. मराठी वाचकाला मात्र त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. नवी नवरी माप ओलांडते तो क्षण, दिवेलागणीला घरातल्या मोठ्या माणसांनी ‘आता झोपू नये’ असे सांगितलेली कातरवेळ, आणि हिरण्यकशिपूचा वध घरातही नाही व घराबाहेरही नाही, दिवसाही नाही व रात्रीही नाही, असा उंबरठ्यावर बसून करणारा नरसिंह, या सगळ्यांत हीच जाणीव आहे. उंबरठ्यावर उभे राहू नये, असे आपल्याकडे सांगतात. रिकाम्या मॉलचा फोटो पाहणाऱ्याला नेमके तिथेच उभे करतो.

मे २०१९ मध्ये इंटरनेटवर पिवळट भिंती, ओलसर गालिचा आणि ट्यूबलाइट असलेल्या एका रिकाम्या खोलीचा फोटो पसरला, आणि ‘बॅकरूम्स’ या नावाने त्याभोवती कथांचे मोठे जाळे विणले गेले. तो फोटो २००२ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश गावी, एका जुन्या फर्निचरच्या दुकानाचे नूतनीकरण सुरू असताना काढलेला होता, हे २०२४ मध्ये शोधून काढण्यात आले. जगभरातील लोकांना अस्वस्थ करणारे हे चित्र म्हणजे बांधकामाची नोंद म्हणून साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर सहज काढलेला फोटो होता. त्यात वातावरणनिर्मितीचा कसलाही प्रयत्न नव्हता. मला हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा धडा वाटतो, आणि पुढे फोटोंवर संगणकावर करायच्या संस्कारांविषयी लिहिताना मी त्याकडे पुन्हा येणार आहे.

मॉललाच ही गुणवत्ता इतक्या ठळकपणे का लाभते, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. छप्पर, बंदिस्त भिंती आणि नियंत्रित तापमान असलेला पहिला आधुनिक मॉल, साउथडेल सेंटर, १९५६ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सुरू झाला. त्याचे वास्तुरचनाकार मूळचे व्हिएन्नाचे व्हिक्टर ग्रुएन होते. तेव्हापासून मॉलमध्ये बाहेर पाहायला खिडक्या फारशा नसतात, घड्याळ दिसत नाही, प्रकाश सकाळपासून रात्रीपर्यंत एकसारखा असतो, आणि चालणारा सहज वळत-वळत पुढच्या दुकानापाशी जावा अशा बेताने मार्ग आखलेले असतात. गर्दी असते तेव्हा हे आपल्या लक्षात येत नाही. माणसे, संगीत आणि पॉपकॉर्नचा वास निघून गेला की वेळेचा पत्ता नसलेली ती रचना तेवढी उघडी पडते. मार्ग तुम्हाला अजूनही पुढे बोलावत असतो, पण पुढे काहीच नसते.

मुंबईतले रिकामेपण वेगळे आहे

अमेरिकेतील ओहायो राज्यात ॲक्रन येथील रोलिंग एकर्स मॉल १९७५ मध्ये उघडला, २००८ मध्ये बंद पडला आणि २०१६ च्या सुमारास पाडेपर्यंत तसाच उभा राहिला. त्याच्या काचेच्या छतातून आत पडलेल्या बर्फाचे फोटो जगभर गाजले. बँकॉकमधील न्यू वर्ल्ड हा मॉल १९९७ मध्ये बंद झाला, पुढे त्याचे छप्पर गेले, आत पावसाचे पाणी साचले आणि त्या पाण्यात मासे वाढले. असे काही आपल्याकडे शोधायला निघालात तर निराश व्हाल, कारण मुंबईत जमीन इतकी महाग आहे की संपूर्ण टाकून दिलेली इमारत फार काळ टिकत नाही. ती पाडली जाते किंवा विकली जाते.

आपल्याकडे जे आहे त्याला मी ‘अडकलेला मॉल’ म्हणते. हाजी अलीजवळचा क्रॉसरोड्स हा मुंबईतील सुरुवातीच्या मॉलपैकी एक १९९९ मध्ये उघडला. गर्दी आवरावी म्हणून तिथे काही काळ मोबाईल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवणाऱ्यांनाच आत सोडले जात असे. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत उपनगरांत आणि बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनींवर एकामागून एक मॉल उभे राहिले. त्यांतल्या अनेकांत विकासकांनी गाळे भाड्याने न देता एकेका माणसाला विकून टाकले. दोनशे गाळ्यांचे दोनशे मालक झाले की कोणते दुकान कुठे असावे, कोणत्या मजल्यावर खाण्याची सोय असावी, देखभालीचा खर्च कोणी द्यावा, याविषयी कोणताही एक निर्णय होऊ शकत नाही. एक मोठे दुकान गेले की ग्राहक कमी होतात, ग्राहक कमी झाले की छोटे गाळे बंद होतात, गाळे बंद झाले की देखभालीचे पैसे थकतात आणि प्रथम वातानुकूलन, मग सरकते जिने, मग वरच्या मजल्यांचे दिवे बंद होतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने सर्व मॉल बंद झाले आणि ५ ऑगस्ट २०२० रोजी ते पुन्हा उघडण्यास परवानगी मिळाली, तेव्हा अनेक शटरे वर गेलीच नाहीत.

त्यामुळे इथला फोटो भग्नावशेषाचा नसतो. तळमजल्यावर बँकेचे एटीएम आणि व्यायामशाळा चालू असते, वर सामसूम असते, आणि बंद शटरमागे कुणाचे तरी गाळ्याचे हप्ते अजून चालू असतात. ही इमारत मेलेली नाही, ती वाट पाहत आहे. कोर्टाच्या तारखेची, खरेदीदाराची, गाळेधारकांच्या एकमताची वाट. मुंबईतल्या छायाचित्रकाराने ती वाट पाहणे टिपावे, असे माझे मत आहे, आणि पुढच्या सर्व सूचना त्याच दृष्टीने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: जागा शोधणे आणि कॅमेऱ्याविना एक फेरी

सुरुवात चालू असलेल्या पण अर्ध्या रिकाम्या मॉलपासून करावी. तिथे सार्वजनिक वेळेत कुणीही जाऊ शकते. पहिल्या फेरीत कॅमेरा नेऊ नये. एक वही न्यावी, आणि प्रत्येक मजल्यावर कोणते दिवे चालू आहेत, छताचा प्रकाश कुठे पडतो, रखवालदार कुठे बसतात, कोणती दुकाने उघडी आहेत आणि किती वाजता उघडतात, हे लिहून घ्यावे. मंगळवार किंवा बुधवारची दुपारी २ ते ४ ही वेळ सर्वांत शांत असते. वरच्या मजल्यावर शिकवणी वर्ग असेल, तर साडेचारनंतर मुलांची ये-जा सुरू होते.

ज्यांना मॉल लगेच मिळत नाही, त्यांनी सराव इतरत्र करावा: रविवारी नरिमन पॉइंटच्या जुन्या कार्यालयीन इमारतींचे व्हरांडे, दुपारचे ओस पडलेले स्कायवॉक, मोठ्या संकुलांची तळघरातील पार्किंग. रेल्वे व मेट्रोच्या हद्दीत ट्रायपॉड लावण्यासाठी मात्र वेगळी परवानगी लागते, हे विसरू नये.

दुसरी पायरी: परवानगी

ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून अनेकजण गाळतात आणि कुंपणावरून उडी मारतात. मी कधीही मारली नाही आणि मारणार नाही. दुसऱ्याच्या ताब्यातील जागेत वाईट हेतूने शिरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ नुसार गुन्हा आहे, आणि त्यातील गंभीर प्रकाराला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आपला हेतू वाईट नव्हता हे खरे असले, तरी ते पोलीस ठाण्यात बसून पटवून देण्याची वेळ स्वतःवर का आणावी? शिवाय तुम्ही आत शिरलात तर जाब रखवालदाराला द्यावा लागतो, आणि त्याची नोकरी तुमच्या फोटोपेक्षा मोलाची आहे.

परवानगी कुणाकडे मागायची, हे बहुधा दारावरच लिहिलेले असते. मॉल चालू असेल तर व्यवस्थापनाचे कार्यालय तळघरात किंवा वरच्या मजल्यावर असते. गाळे विकलेले असतील तर गाळेधारकांची सोसायटी किंवा संघटना असते आणि तिच्या सचिवांची सही पुरते. दारावर बँकेची ताबा नोटीस चिकटवलेली असेल, तर ती शांतपणे वाचावी. सरफेसी कायद्याखाली (थकलेल्या कर्जासाठी बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) ताबा घेतलेला असल्यास तिच्यावर बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याचे पद आणि शाखा दिलेली असते. नादारीची कारवाई किंवा कोर्टातला दावा चालू असेल तर अवसायकाचे (कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा) किंवा कोर्ट रिसीव्हरचे (कोर्टाने नेमलेला ताबेदार) नाव असते. सील लावलेल्या दाराला हातही लावू नये.

पत्र लहान आणि सरळ असावे. मी साधारण असे लिहिते: ‘आपल्या ताब्यातील इमारतीच्या पहिल्या व दुसऱ्या मजल्यावरील सामायिक जागेत छायाचित्रे काढण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. आम्ही दोन व्यक्ती असू. सोबत एक कॅमेरा व एक ट्रायपॉड असेल. छायाचित्रे व्यावसायिक कारणासाठी वापरली जाणार नाहीत. कोणत्याही वस्तूला हात लावला जाणार नाही आणि आमच्या सुरक्षिततेची जबाबदारी आमची राहील.’ तारीख, वेळ आणि ओळखपत्राची प्रत जोडावी. माझ्या अनुभवात तीनपैकी दोन पत्रांना उत्तर येत नाही. पंधरा दिवसांनी प्रत्यक्ष जाऊन विचारले की बरेचदा काम होते. समोरच्या व्यक्तीला ‘इमारतीची आज आहे तशी नोंद राहावी’ हे कारण पटते. ‘भुताटकीसारखे फोटो काढायचे आहेत’ असे म्हटले तर ते कुणालाही पटत नाही, आणि पटू नये.

पत्र हाती आल्यावर ते दारावरच्या काकांना स्वतः दाखवावे. लांज्याकडचे एक रखवालदार काका मला म्हणाले होते, “साहेबांचं पत्र आहे ते बरंच झालं, पण वर जाताना मला सांगून जा आणि खाली आल्यावरही सांगा. नाहीतर मी रात्री सगळे मजले शोधत फिरेन.” तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी वेळ सांगूनच आत जाते.

तिसरी पायरी: सुरक्षितता

एकटे जाऊ नये. घरी पत्ता आणि परतण्याची वेळ सांगावी. जाड तळव्याचे बंद बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे, दोन टॉर्च आणि एन-९५ मास्क हे सोबत असावे. बंद गाळ्यांत आणि छताखाली कबुतरांची विष्ठा साचलेली असते. ती वाळून उडते आणि फुप्फुसांना इजा करू शकते.

वापरात नसलेल्या, बंद तळघरात कोणत्याही कारणाने उतरू नये. पाणी साचलेल्या बंद तळघरात प्राणवायू कमी झालेला असू शकतो आणि विषारी वायू साचलेले असू शकतात, आणि याची जाणीव होईपर्यंत उशीर झालेला असतो. पावसाळ्यात मजल्यांवर साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू मिसळतात. पायाला जखम असताना अशा पाण्यातून चालावे लागले, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ओल धरलेल्या फॉल्स सीलिंगखाली उभे राहू नये. फुगलेला, पिवळा डाग पडलेला चौकोन कधीही खाली येतो. बंद लिफ्टच्या दारांना टेकू नये. काचेच्या कठड्यावर ट्रायपॉड किंवा कोपर टेकवू नये. वीज बंद आहे असे कुणी सांगितले, तरी उघड्या वायरी आणि पॅनेल जिवंतच आहेत असे धरून चालावे. आणि कुत्रीने कोपऱ्यात पिल्ले घातलेली असतील, तर तो कोपरा तिचा आहे.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये नागपाड्याच्या सिटी सेंटर मॉलला लागलेली आग दोन दिवसांहून अधिक काळ धुमसत होती. मार्च २०२१ मध्ये भांडुपच्या ड्रीम्स मॉलला आग लागली, आणि त्याच इमारतीत कोविड रुग्णालय असल्याने रुग्णांचे प्राण गेले. जिथे माणसे गेली, ती जागा गूढ वातावरणासाठी वापरू नये. तिथे फोटो काढायचाच असेल तर तो वार्तांकनाचा असावा, आणि त्याखाली काय घडले ते स्पष्ट लिहिलेले असावे.

चौथी पायरी: साहित्य

साहित्य थोडके असावे. कोणताही कॅमेरा चालतो. ट्रायपॉड मात्र हवा. लेन्स २८ ते ३५ मिलिमीटरची असावी. त्याहून रुंद लेन्सने मॉल भव्य दिसतो, पण कडा ताणल्या जातात आणि जागा कुणा माणसाने पाहिलेली वाटत नाही. मोबाईलवर काम करणाऱ्यांनी मुख्य लेन्सच वापरावी, प्रो मोडमध्ये रॉ फाइल (फोनने संस्कार न केलेली मूळ फाइल) घ्यावी आणि फोन खांबाला घट्ट टेकवून धरावा. मुंबईच्या दमट हवेत वातानुकूलित गाडीतून थेट आत गेलात, तर लेन्सवर बाष्प धरते. कॅमेरा बंद पिशवीतच ठेवून वीस-पंचवीस मिनिटे थांबावे. तेवढ्या वेळात मजला पुन्हा एकदा फिरून घ्यावा.

पाचवी पायरी: प्रकाश

माझे पहिले फोटो वाया गेले ते इथे. मी हातात कॅमेरा धरून १/२५० सेकंदाच्या वेगाने फोटो काढत होते, आणि घरी येऊन पाहिले तर प्रत्येक फोटोवर फिकट व गडद आडवे पट्टे होते. कारण साधे आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असते, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण कॅमेऱ्याच्या वेगवान शटरला जाणवते. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवले, किंवा ट्रायपॉड लावून त्याहून सावकाश ठेवले, की पट्टे जातात. अडकलेल्या मॉलमध्ये नव्या एलईडीसाठी कुणी खर्च केलेला नसतो, म्हणून ही अडचण तिथे हमखास येते.

छतातून येणारा दिवसाचा प्रकाश ही मॉलची खरी संपत्ती आहे. मुंबईत मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य नेमका डोक्यावर येतो. जुलैत ढग असतात, पण मे महिन्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास काचेच्या छताखालच्या चौकात उन्हाचा चौकोन सरळ तळमजल्याच्या लादीवर उतरतो आणि कठड्यांची सावली जवळजवळ नाहीशी होते. सावलीविना उभ्या असलेल्या खुर्च्या, कुंड्या आणि बंद पडलेले कारंजे असे दिसते की ते कुणीतरी नुकतेच तिथे आणून ठेवले आहे. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीही साधारण ४८ अंशांवर राहतो, आणि ऊन उत्तरेकडील भिंतीवर, बंद शटरांवर, तिरके चढते. पावसाळ्यात उजेड मऊ, राखाडी आणि दिवसभर एकसारखा असतो. मला स्वतःला हाच सर्वाधिक आवडतो, कारण त्यात वेळ कळत नाही.

कातरवेळेचा उपयोग आवर्जून करावा. सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटे बाहेरचे आकाश निळे असते आणि आतल्या ट्यूबलाइट हिरवट पांढऱ्या असतात. त्या काळात दोन्हींची तीव्रता जुळते. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला हा सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, तर जूनअखेर सव्वासातनंतर. त्यानुसार परवानगीची वेळ मागावी. फ्लॅश वापरू नये. फ्लॅशने जागेचा स्वतःचा उजेड मरतो.

सहावी पायरी: चौकट

ट्रायपॉड लावला की प्रथम कॅमेरा सपाट करावा. खांब उभे आणि लादीच्या रेघा सरळ दिसल्या पाहिजेत. कॅमेरा वर किंवा खाली कलला की खांब एकमेकांकडे झुकतात आणि पाहणाऱ्याचे लक्ष जागेऐवजी छायाचित्रकाराकडे जाते. लांब मार्गिकेच्या बरोबर मधोमध उभे राहायचे असेल, तर भिंतीपासून भिंतीपर्यंत लाद्या मोजाव्यात. मधली लादी सापडली की तिच्या मध्यावर ट्रायपॉड आणावा.

उंचीचा विचार फार कमी लोक करतात. प्रौढ माणसाच्या डोळ्यांची उंची दीड मीटरच्या आसपास असते. कॅमेरा ९० सेंटिमीटर ते १ मीटरवर आणला, तर कठडे, काउंटर आणि सरकता जिना एकदम मोठे होतात, कारण चार-पाच वर्षांच्या मुलाने ते तसे पाहिलेले असतात. आज तिशीत असलेल्या मुंबईकरांनी मॉल पहिल्यांदा पाहिले ते याच उंचीवरून, आई-बाबांचा हात धरून. अशा फोटोसमोर त्यांना ‘इथे मी कधीतरी आलो आहे’ असे वाटते, त्याचे मोठे कारण ही उंची आहे.

चौकटीत एक वळण असावे, ज्याच्या पलीकडे काय आहे ते दिसत नाही. माणूस नसावा, पण त्याची एखादी खूण असावी. या खुणा शोधायला खाली आणि जवळून पाहावे लागते. मी वर सांगितलेल्या मजल्यावर एका गाळ्याच्या कपाळपट्टीवरून अक्षरे उखडून नेलेली होती, आणि उन्हाने फिकट झालेल्या पत्र्यावर त्या अक्षरांच्या जागी मूळचा गडद लाल रंग राहिला होता. दुकान गेले तरी नाव वाचता येत होते. शेजारच्या गाळ्यात काउंटर होता तिथे लादीचा एक आयत उजळ होता, आणि त्याच्यापुढे ग्राहक उभे राहून झिजलेली अर्धगोल जागा होती. आत भिंतीवर मार्च २०२० च्या पानावर थांबलेले कॅलेंडर होते, आणि त्यातल्या १४ तारखेला कुणीतरी ‘गॅस’ असे लिहिले होते. काहीही हलवू नये, पुसू नये, मांडू नये. खुर्ची जरा डावीकडे असती तर बरे झाले असते असे वाटले, तर स्वतः उजवीकडे सरकावे.

सातवी पायरी: सेटिंग्ज

आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) १००, लेन्सचे छिद्र एफ/८, कॅमेऱ्याचे शटर उजेड मागेल तितका वेळ उघडे: बहुधा अर्ध्या सेकंदापासून ८ सेकंदांपर्यंत. ट्रायपॉडवर असताना लेन्सची स्थिरीकरण सोय बंद करावी आणि २ सेकंदांचा टायमर लावावा. छताची काच आणि खालचा अंधार दोन्ही हवे असतील, तर २-२ स्टॉपच्या फरकाने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन फोटो घ्यावेत. व्हाइट बॅलन्स (फोटोत पांढरा रंग कसा दिसावा हे ठरवणारी सोय) ऑटोवर ठेवू नये. ४००० केल्विनच्या आसपास कायम ठेवावा, म्हणजे सर्व फोटोंत रंग एकसारखे येतात. अधूनमधून माणसे जात असतील आणि ती नको असतील, तर १० स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्समध्ये जाणारा उजेड कमी करणारी गडद काच) लावावा. १/३० सेकंदाचा फोटो त्याने साधारण ३० सेकंदांचा होतो, आणि चालणारी माणसे त्यात उमटत नाहीत. थांबलेली उमटतात.

आठवी पायरी: जी माणसे उरली आहेत

अडकलेला मॉल पूर्णपणे रिकामा नसतो. उरलेल्या दुकानदाराला आपल्या धंद्याची जागा ‘ओस पडलेली’ म्हणून दाखवली जाणे आवडणार नाही, आणि ते रास्त आहे. त्याच्या दुकानाचे नाव फोटोत येत असेल तर विचारावे. नको म्हटले तर कोन बदलावा. फॉल-बिडिंगच्या बाईंना मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “माझा फोटो काढा हो, पण ताई, ‘बंद मॉल’ असं लिहू नका. माझी गिऱ्हाइकं येतात.” मी तसे लिहिले नाही. माझ्या फोटोंत त्यांच्या गाळ्यातला उजेड मार्गिकेच्या टोकाशी पिवळा पट्टा म्हणून दिसतो, आणि तो नसता तर बाकीचा अंधार इतका खोल वाटला नसता.

नववी पायरी: संगणकावर

बॅकरूम्सच्या त्या फोटोत जे नव्हते, तेच इथे टाळायचे आहे. कडा काळ्या करणे, रंग निळे-हिरवे ओढणे, धुके घालणे, यांनी जागा भयपटासारखी होते आणि तिचे साधेपण जाते. ट्यूबलाइटची हिरवट छटा पूर्ण काढू नये, थोडी राहू द्यावी. सावल्या जरा उघडाव्यात, जेणेकरून शटरवरचे कुलूप दिसेल. एआयच्या साधनांनी कचरापेटी किंवा वायर पुसून टाकू नये. त्या वस्तू म्हणजेच नोंद आहे. एका मॉलचे बारा ते पंधरा फोटो निवडावेत आणि ते प्रवेशद्वारापासून आत चालत गेल्याच्या क्रमाने लावावेत.

दहावी पायरी: पुन्हा जाणे

या कामाचे खरे मोल दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत कळते. प्रत्येक फोटोसोबत तारीख, वेळ, लेन्स, कॅमेऱ्याची उंची आणि ट्रायपॉडची नेमकी जागा लिहून ठेवावी, म्हणजे वर्षभराने त्याच ठिकाणी उभे राहून तीच चौकट घेता येते. मूळ फाइली दोन ठिकाणी जपाव्यात, आणि फोटोखाली इमारतीचा परिसर व वर्ष लिहावे. अडकलेला मॉल सुटला, म्हणजे विकला गेला किंवा पाडला गेला, की त्या मजल्याची दुसरी नोंद कुठेही नसण्याची शक्यता फार असते.

माझ्या वहीतली त्या मॉलची नोंद अशी आहे: दुसरा मजला, सरकत्या जिन्याकडे पाठ, डावीकडून तिसऱ्या खांबापासून सातवी लादी, उंची ९५ सेंटिमीटर, ३५ मिलिमीटर, दुपारी ३ वाजून १० मिनिटे. त्या लादीवरून मी आतापर्यंत चार वेळा फोटो घेतला आहे. पहिल्यात ३ शटरे वर आहेत, दुसऱ्यात २, तिसऱ्यात १. चौथा फोटो या वर्षीचा आहे. त्यात फॉल-बिडिंगच्या गाळ्याशेजारी एका नव्या शटरला ताजा निळा रंग दिलेला आहे, आणि रंगाचा डबा अजून लादीवरच आहे.